‘सिव्हिलला पाठव आणि हात झटक’ म्हणणाऱ्या डॉक्टर मित्रांना

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास आपल्या डॉक्टरांच्या ग्रुपवर एकानं विचारलं होतं. सहा वर्षांची मुलगी, शूच्या जागी दुखतंय म्हणून आईनं आणली आहे, मुलगी ओळखीतल्याच एका मोठ्या मुलाचं नाव घेते, वडील म्हणतात पोलिसबिलिस काही नको. काय करू? दहा मिनिटांत अकरा उत्तरं आली. ‘सिव्हिलला पाठव आणि हात झटक.’ ‘केसपेपर काढलास का? नसेल तर काढूच नकोस.’ ‘यूटीआय (लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग) लिही, पाच दिवस अँटिबायोटिक दे, मोकळा हो.’ ‘एमएलसी (पोलिसांसाठीची न्यायवैद्यक नोंद) केलीस तर पाच वर्षं कोर्टाच्या तारखा.’ एकानं नुसतेच हात जोडलेले तीन वेळा टाकले.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या लैंगिक अत्याचाराची बातमी आली, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा याच ग्रुपवर निम्म्यांचे डीपी काळे झाले होते. ‘भर चौकात फाशी द्या’ असं कोणी कोणी लिहिलं होतं ते मी परवा मागे जाऊन पुन्हा वाचलं. त्यातले तिघं या अकरांत आहेत. नावं घेत नाही. पुढच्या सीएमईला, डॉक्टरांच्या अभ्यासवर्गाला, एकाच टेबलावर जेवायचंय आपल्याला.

त्या रात्री मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. ज्यानं विचारलं होतं त्याला फोन केला, चाळीस मिनिटं बोललो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी आईचा पदर धरून माझ्यासमोर बसली होती. त्याच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते पुढे सांगते. ग्रुपवर जे लिहायचं राहिलं ते हे पत्र. यातल्या मुलांची ओळख पटू नये म्हणून वयं, नाती, ठिकाणं मी हलवली आहेत. दुखणी हलवलेली नाहीत.

मला तुम्ही माझ्या मागे ‘पोक्सोवाली मॅडम’ म्हणता हे मला ठाऊक आहे; पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. राग नाही. पण मी हे शिकून आलेले नाही. अमेरिकेत बालअत्याचार ही बालरोगशास्त्राची स्वतंत्र उपशाखा आहे, २००९ साली त्यांची पहिली बोर्डाची परीक्षा झाली. आपल्याकडे अशी पदवी नाही. मला हे काम मिळालं ते आमच्या विभागात तेव्हा मी एकटीच बाई होते म्हणून. मुलीची तपासणी लेडी डॉक्टरनंच करायची असं पोक्सोच्या कलम २७ मध्ये आहे, आणि ड्युटीरूममध्ये सगळ्यांच्या माना एकदमच माझ्याकडे वळल्या. पहिल्या केसच्या रात्री मी फॉर्म भरताना हॉस्टेलवरच्या गायनॅकच्या मैत्रिणीला तीनदा फोन केला होता. तेव्हा तुम्हाला जे वाटतं ते मलाही वाटलं आहे.

आता एका बाळाबद्दल.

तीन महिन्यांचा मुलगा. आकडी येते म्हणून आणला. टाळू फुगलेली, पांढराफटक. आई म्हणाली पाळण्यातून पडला. सीटीत मेंदूवर रक्त साकळलेलं, एक नवं, एक जुनं. डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं तर दोन्ही दृष्टिपटलांवर रक्तस्राव. अंगभर एक्स-रे काढले तेव्हा पाठीकडून, कण्याजवळ, चार बरगड्या मोडून जुळून आलेल्या दिसल्या. तीन महिन्यांच्या बाळाची बरगडी पाळण्यातून पडून तिथे मोडत नाही. छाती दोन्ही हातांत धरून आवळली की मोडते.

हे सगळं तुम्हाला पाठ आहे, परीक्षेत लिहिलं आहे. मला सांगायचंय ते त्या बाळाच्या फाइलीबद्दल. पिशवीत लसीच्या कार्डासोबत तीन चिठ्ठ्या होत्या, तीन वेगवेगळ्या दवाखान्यांच्या. पहिलीत कानाच्या पाळीवर निळा डाग, मलम दिलंय. दुसरीत वरच्या ओठाच्या आतली घडी फाटलेली, ‘बाटली लागली’, जंतुनाशकाचे थेंब. तिसरीत डावा पाय हलवत नाही, ‘लस टोचल्यामुळे’, पॅरासिटामॉल. दहाव्या आठवड्याची लस त्याच मांडीत दिलेली होती, त्यामुळे हे कुणालाही पटलं असतं. मलाही पटलं असतं, कदाचित. आमच्या एक्स-रेत त्या मांडीच्या हाडाचा गुडघ्याकडचा कोपरा तुटलेला होता. पाय पकडून पिळल्यावर तुटतो तसा.

तीन डॉक्टर, तीन आठवडे, आणि प्रत्येकानं आपापल्यापुरतं बरोबरच केलं. कोणीही खोटं लिहिलं नाही. फक्त तिघांपैकी एकानंही बाळाला पूर्ण उघडं केलं नाही आणि एकानंही कागदावर हा एवढासा प्रश्न लिहिला नाही: जे बाळ अजून कुशीवर वळत नाही, त्याच्या कानाला मार लागला कसा?

२०१३ साली विस्कॉन्सिनमधल्या एका रुग्णालयानं मारहाण झालेल्या २०० अर्भकांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या २७.५ टक्के बाळांना आधी कधीतरी असाच एखादा ‘क्षुल्लक’ डाग किंवा जखम झालेली होती. तुलनेसाठी घेतलेल्या, मारहाण न झालेल्या बाळांत एकालाही नव्हती. आणि ज्यांना अशी आधीची जखम होती त्यांतल्या चाळीसेक टक्क्यांच्या बाबतीत ती कुठल्या ना कुठल्या वैद्यकीय माणसाच्या नजरेस पडून गेली होती. नजरेस पडली होती! मोठा घाव बसण्याआधी बाळ आपल्या टेबलावर येऊन जातं. आपण त्याला मलम लावून परत त्याच घरी पाठवतो.

तुमच्यातल्या तरुणांसाठी एक सोपी खूण सांगते. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळंनिळं दिसलं, किंवा चार महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर कुठेही दिसलं, तर थांबायचं. रांगणाऱ्या, धडपडणाऱ्या पोरांना डाग पडतात ते नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर. कानाच्या मागे पडून घ्यायला पोरगं फार कसबी लागतं.

न पाहण्याची ही सवय आपल्याकडचीच आहे असंही नाही. १८६० साली पॅरिसमध्ये आंब्रुआझ तार्द्यू या न्यायवैद्यकाच्या डॉक्टरानं आईबापांनी मारलेल्या मुलांची वर्णनं छापली होती. त्याच्या व्यवसायबंधूंनी ती फारशी मनावर घेतली नाहीत. १९४६ साली जॉन कॅफी या रेडिऑलॉजिस्टनं सहा बाळांचे एक्स-रे मांडले, डोक्यात रक्तस्राव आणि हातापायांची हाडं मोडलेली, आणि हे एकत्र का सापडतं याचं कोडं समोर ठेवलं. हे घरातल्यांनीच केलं आहे असं ठणकावून, त्याला नाव देऊन छापायला हेन्री केंपला १९६२ उजाडावं लागलं. म्हणजे एक्स-रे नीट वाचता येऊनही सोळा वर्षं वाक्य पूर्ण करायची हिंमत होत नव्हती. त्या काळच्या डॉक्टरांना आईबाप असं करू शकतात हे मनातच येत नव्हतं. आपल्या मनात येतं. आपण फक्त लिहीत नाही.

तुम्ही म्हणाल, आणि चुकलं तर? एखाद्या निरपराध बापाला आपण पोलिसात दिलं तर?

मी चुकले आहे. एका चार महिन्यांच्या मुलीच्या डोक्यात रक्तस्राव, अंगावर दोन-तीन डाग, बाप थोडा गुर्मीत बोलणारा. पीटी, एपीटीटी, प्लेटलेट सगळं नॉर्मल आलं आणि मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. दोन दिवस त्या माणसाशी मी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आजी सहज म्हणाली, हिची नाळ पडली तेव्हा दहा दिवस रक्त थांबत नव्हतं. रक्त गोठवणाऱ्या घटक तेराची कमतरता निघाली. नेहमीच्या रक्त गोठण्याच्या तपासण्यांत ती दिसतच नाही, नाळेचं विचारल्याशिवाय सुचतही नाही. मी विचारलं नव्हतं. त्या बापाची मी माफी मागितली. त्यानं मला चहा पाजला, आणि तो चहा मला गेला नाही.

तेव्हापासून मी फार विचारते. घरी बाळंतपण झालं का, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन मिळालं का, नाळ, सुंता, पहिला दात, मामाकडे कुणाला रक्ताचं काही आहे का. जन्मखुणेचा निळसर डाग कंबरेवर असतो तो माराचा नसतो हे आपल्याला माहीत असतं, पण कॅज्युअल्टीतल्या नव्या इंटर्नला नसतं. बिब्ब्याचे चट्टे बघून शहरातून आलेल्या एका रेसिडेंटनं सिगारेटचे चटके असं लिहिलं होतं. पोराचं पोट दुखतंय म्हणून आजीनं मायेनं बिब्बा घातला होता. मेळघाटात पोट फुगलं म्हणून तान्ह्याला तापल्या लोखंडानं ‘डंबा’ देतात. तो मायेनं देतात म्हणून बाळाला कमी भाजत नाही, पण त्या आजीला आणि पोराला दारू पिऊन चटके देणाऱ्या माणसाला एका मापानं मोजायचं नसतं. हा फरक करणं हेच तर आपलं काम. वकिलाला ते येत नाही, फौजदाराला येत नाही. आपण तोंड फिरवलं की निर्णय घेणारे तेच दोघं उरतात.

आणि म्हणूनच संशय लिहिणं आणि आरोप करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सांगितलेला इतिहास आणि जखम जुळत नाही, पुढील तपासणी आवश्यक’ एवढं वाक्य कुणालाही तुरुंगात टाकत नाही. त्या दोन दिवसांत मी कागदावर एवढंच लिहिलं होतं, म्हणून तो बाप मला चहा पाजू शकला.

आता पुन्हा त्या सहा वर्षांच्या मुलीकडे.

‘यूटीआय लिही’ हा सल्ला देणाऱ्याला मी ओळखते, तो हुशार माणूस आहे. त्याला एवढंच विचारते: युरीन कल्चर पाठवलंस कधी? वर्षभरात तीनदा ‘यूटीआय’ झालेल्या, आणि एकदाही कल्चर न पाठवलेल्या किती मुली माझ्यापर्यंत येतात ते एकदा येऊन मोजा. पोटदुखी, अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, शाळेत जायला नको, एकाच माणसाच्या घरी जायला नको. आपण जंताचं औषध देतो. २००७ साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा अभ्यास आला, १३ राज्यं, १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३ टक्क्यांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित जास्तच होती. त्या आकड्यावर वाद घालता येईल, ‘अत्याचारा’ची व्याख्या फार सैल धरली असं म्हणता येईल. अर्धा धरा. पाव धरा. तरी तुमच्या आजच्या ओपीडीत किती झाले?

मुलग्यांना तर आपण विचारतच नाही.

माझ्यासमोर ती मुलगी बसली तेव्हा मी तिला काही विचारलं नाही. तिच्या हातात बाहुलीच्या आकाराचा पेन्सिल बॉक्स होता, त्याबद्दल बोललो. मग मी म्हटलं, तुला इथं कशाला आणलंय गं? आणि गप्प बसले. हे गप्प बसणं शिकायला मला चार वर्षं लागली. आपल्याला सवय असते, खोकला आहे का, कोरडा की ओला, रात्री जास्त का. त्या सवयीनं ‘त्यानं इथं हात लावला का?’ असं विचारलं की मूल ‘हो’ म्हणतं, आणि तीन वर्षांनी बचावाचा वकील म्हणतो, डॉक्टरांनीच मुलीच्या तोंडात उत्तर घातलं. तो वकील तेव्हा बरोबर असतो. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहायचं. ‘शूची जागा’ म्हणाली तर ‘शूची जागा’. त्याचं इंग्रजी करायचं नाही.

ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्या त्या मित्राच्या चिठ्ठीत नेमकं हेच होतं. रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी, आई हजर असताना, न विचारता, मुलगी असं असं म्हणाली. पुढे तिची दोन वाक्यं जशीच्या तशी. खाली सही, नोंदणी क्रमांक. पोलिसांना किती वाजता कळवलं ती वेळ. मी आजवर पाहिलेल्या चिठ्ठ्यांतली ही सर्वांत चांगली आहे आणि ती लिहिणारा माणूस घाबरलेला होता.

माझ्या तपासणीत तिला काहीही इजा सापडली नाही.

इथं तुमच्यातले काही जण सुस्कारा टाकतील: बघ, उगाच बोभाटा. म्हणून हे जरा सावकाश वाचा. २००२ साली अमेरिकेत अशाच संशयानं आणलेल्या २,३८४ मुलांच्या तपासण्या एकत्र मांडल्या गेल्या. त्यात ९६ टक्क्यांहून अधिक नॉर्मल होत्या. तिथली त्वचा तोंडाच्या आतल्या त्वचेसारखी, काही दिवसांत भरून येते, व्रणही राहत नाही. बरंच काही असं घडतं ज्यानं इजा होतच नाही. मुलं लगेच सांगत नाहीत. म्हणजे नॉर्मल हाच नियम आहे, सापडणं हा अपवाद. तरी अजून कितीतरी एमएलसीच्या शेवटी ‘अत्याचाराचा पुरावा नाही’ एवढंच खरडलेलं असतं, आणि त्या अर्ध्या ओळीवर आरोपी सुटतो. लिहायचं असं: तपासणीत इजा आढळली नाही, यावरून अत्याचार झाला नाही असं म्हणता येत नाही.

मला कोर्टात एकदा विचारलं गेलं, ‘डॉक्टर, इजा सापडली नाही ना? हो की नाही, तेवढंच सांगा.’ मी म्हटलं, सापडली नाही. वकील खूश होऊन बसायला लागले. मग मी न्यायाधीशांना विचारलं, साहेब, पुढचं वाक्य बोलू का? त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि बोला म्हणाले. ते पुढचं वाक्य माझ्या एमएलसीवर आधीच लिहिलेलं होतं म्हणून मला ते बोलता आलं. कोर्टात सुचलेल्या वाक्याला कवडीची किंमत नसते.

आणि कृपा करून, बलात्काराच्या तपासणीतली दोन बोटांची ती चाचणी अजून कुठे होत असेल तर थांबवा. सेवाग्रामच्या न्यायवैद्यक विभागातून डॉ. इंद्रजित खांडेकरांनी या तपासण्यांतल्या चुकांवर अहवाल लिहिला, त्यावरून २०१० साली नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. हे आपल्या राज्यातलंच काम आहे, आणि आपणच ते विसरतो. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ती चाचणी अमान्य केली, २०१४ साली केंद्राच्या आरोग्य खात्यानं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२२ साली न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. गेल्या वर्षी एका ग्रामीण रुग्णालयातून माझ्याकडे आलेला कागद जुन्या छापील फॉर्मचा होता, तो रकाना शाबूत. फॉर्म संपेपर्यंत वापरायचे असतात म्हणे.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ग्रुपवर त्याबद्दल फार अफवा आहेत. पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी धास्ती वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तुम्हालाही, शाळेच्या शिपायालाही. वडील नको म्हणाले तरी. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि सद्भावनेनं कळवलं तर तुमच्यावर दावा किंवा गुन्हा होऊ शकत नाही. सिद्ध करायचं काम तुमचं नाही. फक्त मारहाणीचं असेल तर पोक्सोसारखं थेट बंधन नाही, ही त्रुटीच आहे; तिथं एमएलसी करायची, बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे, बालकल्याण समिती आहे, मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. तातडीचे उपचार द्यायला पोलिसांचं पत्र लागत नाही, हे २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही खाजगी रुग्णालयाला अशा मुलाला मोफत प्रथमोपचार नाकारता येत नाहीत. जुन्यातही येत नव्हते.

‘कुणाला शिक्षा झाली कधी?’ असं विचारणाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण वाचावं. शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुली, त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर, आणि मुलींनी सांगूनही त्यानं कळवलं नाही असा आरोप. नागपूर खंडपीठानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि म्हटलं की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो. खटल्याचा शेवट काय होईल तो होवो. पण ते निकालपत्र वाचताना ‘हात झटक’ हे शब्द माझ्या डोळ्यांसमोर येत होते.

हा कायदा सगळीकडे शहाणा आहे असं माझं म्हणणं नाही. सतरा वर्षांची मुलगी, एकोणीस वर्षांचा मुलगा, दोघांच्या संमतीनं, आणि पाळी चुकली. तिलाही आपण त्याच फॉर्मवर ‘पीडित’ लिहितो, आणि या भीतीनं मुली भोंदूंकडे गोळ्या घ्यायला जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख, तिनं विनंती केल्यास, पोलिसांना न सांगण्याची मुभा डॉक्टरांना दिली. ही वाट अरुंद आहे, पण आहे. त्यावर वेगळं पत्र लिहीन. सहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मात्र असा काही पेच नसतो.

तुमची भीती मला खोटी वाटत नाही. माझी नोकरी सरकारी आहे, तुमचा बोर्ड गावात लागलेला आहे. तुम्ही त्या घराच्या तीन पिढ्या तपासल्यात, उद्या त्यांच्याच पुतण्यानं काच फोडली तर पंचनाम्याला मी येणार नाही. आरोपी दहातल्या नऊ वेळा ओळखीचा असतो, म्हणजे बऱ्याचदा तोही तुमचाच पेशंट. कोर्टात साडेदहाला बोलावतात आणि चारला ‘पुढची तारीख’ म्हणतात, त्या दिवसाची ओपीडी बुडते, भत्ता मिळतो त्यात रिक्षा होत नाही. हे सगळं खरं आहे. पण ‘सिव्हिलला पाठव’ म्हणजे त्या मुलाच्या बाजूनं काय होतं ते एकदा पाहा.

तालुक्याला लेडी डॉक्टर नाही म्हणून पोरगी जीपमधून सत्तर किलोमीटर आणली जाते. तुम्ही चिठ्ठी दिलेली नाही म्हणून तिला पहिल्यापासून सांगावं लागतं: कॅज्युअल्टीत, मग पोलिसांना, मग गायनॅकला, मग मला. पोक्सोत म्हटलंय की जबाब घेणारीनं गणवेशात असू नये, मुलीला बरं वाटेल तिथं घ्यावा. होतो कॉरिडॉरमध्ये, स्ट्रेचरच्या रांगेत. ‘सकाळी जा’ म्हणून तुम्ही पाठवलेलं असतं, तर आंघोळ झालेली असते, कपडे धुवून वाळत टाकलेले असतात. नमुने ९६ तासांच्या आत घ्यायचे असतात, एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करायचं असतं. तुमच्या दारातून हात झटकल्यापासून माझ्या दारात पोचेपर्यंत त्यातले निम्मे तास गेलेले असतात. आणि बऱ्याचदा ती पोचतच नाही. वाटेत घरचे एसटी बदलतात.

पाठवा, जरूर पाठवा. तुमच्याकडे सोय नसेल तर पाठवायलाच हवं. फक्त पाठवण्याआधी मूल जे बोललं ते लिहा. जखम असेल तर पट्टीनं मोजून, कागदावर माणसाचं चित्र काढून तिथं खूण करून लिहा, चित्र वेडंवाकडं आलं तरी चालतं, माझीही येतात. वेळ लिहा. पोलिसांना कळवल्याचं लिहा. पालकांना सांगा की मी कळवतोय आणि का कळवतोय. चोरून कळवलेलं घराला जास्त लागतं. मग मला फोन करा, म्हणजे मूल पोचायच्या आत खोली रिकामी असेल आणि त्याला एकदाच बोलावं लागेल. दुसऱ्या दिवशी पोचलं का, एवढं विचारा. बास. यात वीस मिनिटं जातात. झटके घेऊन आलेल्या बाळाला आपण यापेक्षा जास्त वेळ शीर शोधत असतो.

त्या तीन चिठ्ठ्यांचं बाळ आता चार वर्षांचं आहे. मावशीकडे असतं. उजव्या बाजूला ताकद कमी, नजर अधू, झटक्यांची दोन औषधं चालू. मला ओळखतो, माझ्या टेबलावरचा हातोडा मागतो आणि माझ्याच गुडघ्यावर मारून बघतो. त्याच्यासोबत काय आणि कुणी केलं ते मी इथं लिहिणार नाही, ते न्यायालयापुढे आहे. सरकारी वकिलांनी त्या तिन्ही चिठ्ठ्या पुराव्यात लावल्या आहेत, त्यामुळे त्या तिघा डॉक्टरांनाही समन्स गेलं आहे. जी एमएलसी टाळली त्याचीच तारीख आली. तिघांपैकी एकानं मला फोन करून विचारलं, ‘मॅडम, मी काय सांगू?’ मी म्हटलं, कानावर डाग होता हे सांगा. तेवढं तुमच्याच हस्ताक्षरात आहे.

त्याची सुनावणी येत्या मंगळवारी आहे. मलाही साडेदहाला बोलावलंय, म्हणजे तीनच्या आत नंबर लागत नाही, आणि आत फोन बंद ठेवावा लागतो. मंगळवारी कुणाला अडचण आली तर आमच्या वॉर्डातल्या सिस्टरना सांगून ठेवलंय, त्या खोली उघडून देतील आणि मुलाला बिस्किटं देतील. विचारणार काही नाहीत. चारनंतर मी आहेच.

तुमची,
पोक्सोवाली मॅडम